खोली देणे आहे, भाडे वन्सं सांगतील

सेम्बावांग, सिंगापूर
२३ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वसुधाचा वाकून नमस्कार. (कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढाच, उरलेला मनाने केला आहे, तो धरून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आहे आणि तुम्ही सोसायटीच्या टाकीत पाणी आहे की नाही हे बघायला रोज गच्चीवर जाता, असं तुम्हीच मागच्या फोनवर अभिमानाने सांगितलंत. सेक्रेटरीवर तुमचा विश्वास नाही हे मला मान्य आहे. पण गुडघा सेक्रेटरीचा नाही, तुमचा आहे. माझी तब्येत उत्तम. रक्तदाब आहे, पण तो निशिकांतचा फोन आला की वर जातो आणि फोन ठेवला की खाली येतो, म्हणजे आजार माझा नसून माझ्या मुलाचा आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि मी तुम्हाला. शिवाय कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी छड्या मारून घडवलेलं माझं अक्षर अजून शाबूत आहे, ते वाया कशाला घालवू?

मुद्द्यावर येते. मी घरांच्या धंद्यात उतरले आहे. हसू नका. "आमच्याकडे पैशांचं काम उद्धवचं आणि बोलण्याचं काम वसुधाचं," हे वाक्य तुम्ही माझ्या लग्नापासून प्रत्येक कार्यात म्हणत आला आहात, आणि हे गेल्यावरही तुम्ही त्यात काही बदल केलेला नाही. म्हणून आधी मी धंद्यात का उतरले ते ऐका, मग हसा.

गुढीपाडव्याला निशिकांतकडे ईस्ट कोस्टला जेवायला गेले होते. श्रीखंड विकतचं होतं. (त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. नीताला नोकरी आहे आणि श्रीखंडाला दुकान आहे.) श्रीखंड खाल्ल्यावर साधी माणसं आडवी होतात, बँकेतली माणसं लॅपटॉप उघडतात. माझ्या मुलाने मला रंगीत खांबांचं चित्र दाखवलं आणि समजावून सांगितलं की माझा सेम्बावांगचा फ्लॅट ही एक अंडरयुटिलाइज्ड अ‍ॅसेट आहे. तीन बेडरूम, राहणारी बाई एक. तो विकावा, पैसे तो सांगेल तिथे ठेवावे आणि मी त्यांच्या काँडोत राहायला यावं. मला कोणती खोली मिळणार तेही दाखवलं. वॉशिंग मशीनच्या पलीकडे आहे ती, तिला ते स्टडी म्हणतात. खिडकी आहे. खिडकीतून शेजाऱ्यांच्या एसीची पाठ दिसते.

वन्सं, हे शिपयार्डातून घामाघूम होऊन यायचे आणि ज्या घराच्या दारात बूट काढताना "आलो गं" म्हणायचे, त्या घराला माझ्या पोटच्या मुलाने अ‍ॅसेट म्हटलं, तेही पुढे अंडर लावून. नन्सनी मला इंग्रजीतून शिव्या द्यायला शिकवलं नाही, पण कोणी दिली तर ओळखायला शिकवलं आहे. मी म्हटलं, "फ्लॅट कामाला लावायचा आहे ना? मी लावते." तो म्हणाला, "आई, तू?" एवढंच. पण त्या "तू"मध्ये तुमचं ते कार्यातलं वाक्य आख्खं मावलं होतं. मग तिथल्या तिथे ठरलं: दिवाळीपर्यंत फ्लॅटने स्वतःचा सगळा खर्च आणि माझा किराणा भागवून दाखवायचा. जमलं तर विकण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं तर फ्लॅट विकायचा आणि मी त्या एसीच्या पाठीकडे बघत उरलेलं आयुष्य काढायचं. श्रिया माझ्या मांडीवर रेलून म्हणाली, "आज्जी, यू शुअर विन वन लाह!" (म्हणजे तूच जिंकणार.) या मुलीला मराठी येत नाही, पण माणसांची पारख आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी तांजोंग पगारला एका हॉटेलात भरलेल्या मोफत व्याख्यानाला गेले. विषय होता, लहान रकमेतून घरमालक कसे व्हावे. व्याख्यात्याचे बूट टोकदार होते आणि मोजे नव्हते. तो ओरडला, "तुमचा पैसा झोपला आहे! त्याला उठवा!" आणि सगळं सभागृह त्याच्यामागून ओरडलं. मला आमची शाळेतली सकाळची प्रार्थना आठवली, फक्त तिथे समोर निदान देव होता. माझ्या वयाच्या बायका भराभरा लिहून घेत होत्या. मी विचार केला, माझा पैसा झोपला असेल तर बिचाऱ्याला झोपू दे, त्याने आयुष्यभर कष्ट केले आहेत. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले आणि त्या तरुण माणसाला विचारलं की घरं घेऊन इतकं श्रीमंत होता येतं तर तू रविवारची दुपार आम्हाला खुर्च्यांवर बसवण्यात का घालवतो आहेस? तो हसला आणि म्हणाला, "व्हेरी गुड क्वेश्चन, आंटी," आणि पुढचा प्रश्न घेतला. उत्तर पैसे भरून करायच्या तीन दिवसांच्या कोर्समध्ये होतं म्हणे. चहा बरा होता.

तिथेच मला सारंग भेटला. हा नागपूरचा मुलगा, घरांचा एजंट. मराठी ऐकून त्याने आंटीची काकू केली, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला (काकू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा ही आपली जुनी खोड). त्याने मला एक छोटा फ्लॅट दाखवायला नेलं. "काकू, कॉम्पॅक्ट लक्झरी आहे," म्हणाला. वन्सं, कॉम्पॅक्ट मला दिसलं. भिंतीला एक कडी होती, ती ओढली की पलंग खाली येत होता, आणि पलंग खाली आला की दार उघडत नव्हतं. मी विचारलं, आत झोपलेल्याला सकाळी बाहेर कसं पडायचं? तो म्हणाला, "काकू, तुम्हाला कुठे राहायचंय, भाड्याने द्यायचाय ना." म्हणजे ज्या घरात मी माझी छत्रीसुद्धा ठेवणार नाही तिथे दुसऱ्याच्या मुलाला ठेवून त्याच्याकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे, याला गुंतवणूक म्हणतात. वर हे दुसरं घर, म्हणून सरकार किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा कर घेणार. आणि सत्तरीला टेकलेल्या बाईला बँक कर्ज देते का, या प्रश्नावर तर सारंग इतका खोकला की मी त्याला पाणी दिलं. पलंग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा भिंतीत ढकलला आणि बाहेर पडलो.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून मी नीट विचार केला. घर विकत घ्यायचं कशाला, आहे त्याच घरात दोन खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. एकीत निशिकांतची जुनी गिटार आणि इस्त्रीचं टेबल राहतं, दुसरीत काहीच राहत नाही. खोली भाड्याने देणं इथे कायदेशीर आहे, फक्त सहा महिन्यांहून कमी मुदतीने देता येत नाही आणि सरकारकडे नोंद करावी लागते. म्हणून बाकीच्यांच्या जाहिराती काय म्हणतात ते वाचायला बसले. प्रत्येकीत एकच अट: स्वयंपाक चालणार नाही, किंवा थोडा हलका स्वयंपाक चालेल. हलका स्वयंपाक म्हणजे काय ते मी चार जणांना विचारलं. पाणी उकळणं आणि नूडल्स, असं कळलं. तुम्हाला आठवतं का, आम्ही नवीन आलो तेव्हा हे फोनवर खोली विचारायचे आणि पलीकडून पहिला प्रश्न यायचा, करी शिजवता का? हे खोटं बोलू शकायचे नाहीत, "हो" म्हणायचे आणि फोन बंद व्हायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "आणखी एक घर आपल्याला मुकलं." तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या घरात कधी कोणी राहिलं तर फोडणीचा वास भिंतीला लागला पाहिजे. ठरवताना त्या माणसाकडून मला पैसे घ्यावे लागतील हे डोक्यात नव्हतं.

इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण इथून पुढे तुम्ही आहात. मी तुम्हाला खोलीबद्दल सहज म्हटलं आणि तुम्ही दोन दिवसांत नाशिकच्या तुमच्या मैत्रिणीची, अनघाताईंची मुलगी काढलीत. ऋग्वेदा, इथल्या विद्यापीठात डासांवर संशोधन करते, स्वभावाने गरीब, वसतिगृहात जेवणाचे हाल. विद्यापीठ सिंगापूरच्या एका टोकाला आणि सेम्बावांग दुसऱ्या, पण अनघाताईंचं म्हणणं, लांब असू दे, माणूस ओळखीचं असलं की झालं. मग तो रविवार. ऋग्वेदा माझ्या सोफ्यावर, हातात पोह्यांची बशी. समोर टेबलाला टेकवलेल्या फोनमध्ये वरच्या चौकोनात नाशिकहून अनघाताई आणि त्यांच्यामागे येरझारा घालणारे त्यांचे यजमान, खालच्या चौकोनात पुण्याहून मध्यस्थ म्हणून तुम्ही. (तुमचं फक्त कपाळ दिसत होतं. फोन खाली धरत जा.) अनघाताईंनी स्वयंपाकघर बघायला मागितलं, मी दाखवलं. देव कुठे आहेत विचारलं, मी दाखवले. इथल्या प्रत्येक फ्लॅटला लोखंडी दाराची बॉम्बपासून लपायची खोली असते आणि त्यात प्रत्येक जण चपला आणि सूटकेसी ठेवतो. मी त्यात पापड ठेवते, तेही दाखवलं. मी मुलीला विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस, दळण-कांडण नाही पण निवडणं-टिपणं येतं का, घरी भावंडं किती. ती "हो मावशी, नाही मावशी" करत गोड उत्तरं देत होती. पोहे तिने दुसऱ्यांदा घेतले. सगळं इतकं रीतसर चाललं होतं की शेवटी अनघाताईंचा आवाज आपोआप खाली आला.

"बाकी मग देण्याघेण्याचं कसं, वसुधाताई? तुमची काही अपेक्षा..."

मी म्हटलं, "छे हो! अपेक्षा कसली! घरचीच मुलगी आहे."

"नाही, तरी पण. तुम्ही म्हणाल तसं."

"अहो, तुम्ही म्हणाल ते."

आणि तुम्ही, वन्सं, कपाळातून म्हणालात, "होईल गं ते! ते काय पळून जातंय?" सगळे हसलो. यजमान येरझारा थांबवून पहिल्यांदा खुर्चीत बसले. फोन बंद झाला. बशी धुताना माझ्या लक्षात आलं की मुलगी पसंत आहे, शनिवारी येणार आहे आणि भाडं ठरलेलं नाही. मी! मी तीस वर्षं जहाज कंपनीत थकलेल्या बिलांची इंग्रजी पत्रं लिहिली. माझं दुसरं स्मरणपत्र वाचून ग्रीक जहाजमालक पैसे पाठवायचे आणि तिसरं येऊ नये म्हणून ख्रिसमसला केकही पाठवायचे. पण समोर पोहे असले की माणसाची जीभ वेगळी होते.

शनिवारी ऋग्वेदा दोन बॅगा घेऊन आली. मी लिफ्टपाशीच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला (सवय, वन्सं, हात आपोआप वर गेला). समोरच्या मिसेस लिम दार उघडून बघत होत्या. त्यांना वाटलं माझ्या घरी नवी सून आली. त्या आत गेल्या आणि लाल पाकीट घेऊन आल्या, आत शकुनाचे पैसे. मी किती सांगितलं की ही भाडेकरू आहे, त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, "गुड, गुड, व्हेरी प्रिटी." माझ्या गुंतवणुकीतून आलेलं हे पहिलं उत्पन्न. ते ऋग्वेदाकडे गेलं.

मग सरकारी नोंदणी. ती कॉम्प्युटरवर करायची असते, आणि त्यात भाड्याचा एक चौकोन असतो जो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सरकारला पोहे देता येत नाहीत हा या देशाचा मोठा दोष आहे. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही भिशीला गेला होतात. नाशिकला केला, अनघाताई म्हणाल्या, "अगं बाई, तुम्हीच काय तो आकडा टाका ना." मी म्हटलं, "नाही, तुम्हीच सांगा." त्यांनी फोन यजमानांकडे दिला आणि यजमानांनी नाशिकची हवा कशी आहे ते सांगितलं. शेवटी ऋग्वेदाच माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, इकडे अशा खोलीला महिन्याला नऊशे डॉलर चालतात. नऊशे लिहू?"

"नऊशे!" माझ्या तोंडून निघून गेलं. "वेडी आहेस का? शिकतेस अजून. पाचशे लिही."

"पाचशेत कोणी जिन्याखाली झोपू देत नाही, मावशी. साडेआठशे."

"साडेपाचशे. आणि मोठ्यांपुढे घासाघीस करू नये."

"पण जेवण पण तुम्ही देणार म्हणता! मला लाज वाटेल. आठशे."

"जेवणाचे पैसे काढलेस तर बघ. सहाशे, शेवटचं."

तिने तोंड पाडून सहाशे लिहिले. जगाच्या पाठीवर भाडेकरू वर ओढतो आणि मालकीण खाली, अशी घासाघीस पहिल्यांदाच झाली असेल, आणि वन्सं, मी ती जिंकले. त्या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी निशिकांतचं रंगीत खांबांचं चित्र आठवलं.

मुलगी सोन्यासारखी आहे, एवढं मी लिहून देते. फक्त शाकाहारी आहे. अंड्याच्या टोपलीलासुद्धा वळसा घालते. तिने मला मासे करू नका असं एकदाही म्हटलेलं नाही. पण मी एकदा पापलेट तळलं तेव्हा ती खोलीत जाऊन बसली आणि बाहेर येऊन "नाही मावशी, मला काही होत नाही," असं नाक दाबून म्हणाली. तेव्हापासून माझ्याच घरात माझे मासे बंद. बुधवारी मी हॉकर सेंटरला, इथल्या सरकारी खाऊगल्लीत, जाऊन चोरून मासे खाते आणि घरी येण्याआधी बडीशेप चावते, जशी तुमच्या भावाला सिगरेट ओढल्यावर चावायची सवय होती. बाकी तिचं डासांचं प्रेम. इथे घरात साठलेल्या पाण्यात डास झाले तर दंड होतो, म्हणून मी दाराबाहेरच्या तुळशीखालची बशी रोज उलटी करते. एकदा विसरले. ऋग्वेदाने वाकून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या: "मावशी, किती सुंदर अळ्या!" मी बशी ओतायच्या आत तिने त्या बरणीत भरल्या आणि बरणी ओट्यावर ठेवली, तिच्या आईने पाठवलेल्या लोणच्याशेजारी. आता हे लोणचं. अनघाताई दर महिन्याला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर काहीतरी पाठवतात: लोणचं, भडंग, चिवडा, मनुका, आणि गौरींना मला खणानारळ. त्यांच्या मते त्या देण्याघेण्याचं बघत आहेत. मी मग उलट त्यांना इथून मसाल्याचा चहा आणि गुडघ्याचं मलम पाठवते. या सगळ्यात एअर-कंडिशनरच्या सर्व्हिसिंगचे पैसे कुठून निघणार ते कोणी सांगत नाही.

दिवाळीच्या आधी नीताचा फोन आला. नीता मला कामाशिवाय फोन करत नाही आणि काम तिला माझ्याकडे नसतं, म्हणून मी दचकले. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, तुमचं कसं चाललंय? जमतंय ना?" मी म्हटलं, बेताचंच आहे. तर म्हणते, "आई, हरू नका हं. प्लीज." वन्सं, तिचं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस त्या स्टडीत चालतं. दार लावून ती लंडनशी बोलते. मी तिथे आले तर लंडनला माझी जपाची माळ ऐकू जाणार. माझ्या सुनेला मी तिथे नको, मलाही मी तिथे नको. लग्न होऊन आल्यापासून आम्हा दोघींचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. मला आधी राग आला, मग मी तिला चकल्यांचा डबा जास्तीचा पाठवला.

दिवाळीच्या पाडव्याला निशिकांत हिशोब बघायला आला. ऋग्वेदाने त्याला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. तो जेवला, लॅपटॉप उघडला आणि माझी किराण्याची बिलं एकेक करून त्यात भरली. मग म्हणाला, "आई, तू सहाशे घेतेस आणि त्यातले निम्मे तिला खाऊ घालतेस." मी म्हटलं, "मग उपाशी ठेवू?" तो म्हणाला, बाजारभावाने नऊशे घेतलेस तर तू आरामात पास आहेस. सहाशेत नापास. (पोर न्यायी आहे, आपल्याकडचं आहे.) डिसेंबरमध्ये ऋग्वेदाची सहा महिन्यांची मुदत संपून नवा करार होणार, म्हणून त्याने मला तिथपर्यंत सवलत दिली. तेव्हा नऊशे झाले तर घर माझं. नाही झाले तर जानेवारीत सारंग गिऱ्हाइकं घेऊन येणार. सारंगला निशिकांतने कळवूनही ठेवलं आहे. म्हणजे सगळं आता तीनशे डॉलरवर आलं आहे आणि ते तीनशे माझ्या जिभेवर अडकले आहेत. मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हटलं, "ऋग्वेदा, जरा बोलायचं होतं," आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून शिरा केला. दुसऱ्यांदा तिचा शोधनिबंध परत आला होता. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "मावशी, मलाही तुमच्याशी बोलायचं होतं, तुमच्यामुळे मला इथे घरासारखं वाटतं." यावर कोणती मालकीण आकडा काढेल?

असो. बाकी इकडचं ठीक. पाऊस रोज दुपारी येतो आणि कामाला आल्यासारखा वेळेवर जातो. तुम्ही गुडघ्याला जपा, टाकीत पाणी असतं, मी खात्रीने सांगते. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठं तुमच्याशिवाय आता कोणी उरलं नाही, तेव्हा तो नमस्कारही तुम्हालाच.

आपली,
वसुधा

ता. क. हे लिहायचं राहिलंच. लग्नात देण्याघेण्याचं मुलीकडचे बोलत नाहीत, मुलाकडचे बोलत नाहीत, मध्यस्थ बोलतो. म्हणूनच मध्यस्थ असतो. मध्यस्थ तुम्ही आहात. तेव्हा कृपा करून एक दिवस नाशिकला जा आणि अनघाताईंना नऊशे हा आकडा सांगून या. माझं नाव घेऊ नका, बाजाराचं घ्या. जाण्यायेण्याचा खर्च मी देईन. आणि सांगून होईपर्यंत त्यांच्याकडे काहीही खाऊ नका.

ता. क. २. नाशिकला जाऊ नका. पाकीट बंद करायच्या आत ऋग्वेदा आली आणि लसूण सोलायला बसली. मी कढईकडे बघत म्हणाले, "डिसेंबरपासून नऊशे." ती म्हणाली, "बरं." मग आणखी दोन पाकळ्या सोलून म्हणाली, "मी हजार धरून चालले होते, मावशी. तुम्ही विषयच काढेनात." माझ्या ओठांवर "मग आठशे कर" आलं होतं, मी उलथनं घट्ट धरून ठेवलं. घर राहिलं, वन्सं. पैशांचं काम वसुधाने केलं, हे आता पुढच्या कार्यात सांगा.

ता. क. ३. (वेगळ्या कागदावर लिहिते आहे, कारण समजेल.) आज निशिकांतला कळवलं. त्याने आकडे तोंडी बेरीज करून बघितले आणि म्हणाला, "पास झालीस, आई. सारंगला येऊ नको म्हणतो." मी पुढच्या वादासाठी तयारीत होते. पण तो म्हणाला, "म्हणजे तू येत नाहीस तर." हा त्याचा बँकेतला आवाज नव्हता. मी जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. मग नीताचा मेसेज आला. त्या स्टडीच्या बाथरूममध्ये त्याने मला धरायला स्टीलचा दांडा बसवला आहे, माणूस न बोलावता, स्वतः भिंत खणून. दोन फरशा फोडल्या. गणपतीत त्याच्या बोटाला पट्टी होती ती याची. मला नारळ फोडताना लागलं म्हणून सांगितलं होतं. ज्या मुलाला जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही! तो पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला पुण्यात येतो आहे, तुमच्याकडेच उतरेल. त्याला पोटभर खाऊ घाला. फ्लॅटचा विषय काढू नका. आणि तो चहा घेत बसला की हा एवढा कागद त्याच्यासमोर टेबलावर राहू द्या आणि दूध बघते म्हणून आत जा. लगेच बाहेर येऊ नका.

निशिकांत, दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मला न्यायला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत आणून सोडायचं. नीताला विचारलं आहे, शनिवार-रविवार लंडन बंद असतं. तो दांडा भिंतीत पक्का बसला आहे की नाही, ते मी स्वतः लोंबकळून बघणार आहे.